शेपटीच्या पंख्याचे तास

नोकरीत तुम्ही काय करत होतात असं कुणी विचारलं, तर मी "सरकारी कारकून होते" एवढंच सांगून मोकळी होते. खरं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग संशयाने बघतात. मी हेलिकॉप्टरची कार्डं लिहीत असे. पन्नासच्या दशकात, कल्याणजवळ, पत्र्याच्या छपराखालच्या एका खोलीत, पातळाचा पदर खोचून.

कल्याण स्टेशनापासून हाजी मलंगच्या वाटेवर लागलं की लढाईच्या काळात शेतं ताब्यात घेऊन केलेली एक धावपट्टी होती. लढाई संपली, विमानं गेली, आणि पट्टीच्या कडेकडेने सामान उरलं. डोंगराएवढं. ते तिन्ही दलांत वाटायचं होतं: भूदल, नौदल, हवाई दल. त्या वाटणीसाठी तिथे एक छोटा डेपो उघडला आणि टायपिंग येणारी माणसं हवीत अशी जाहिरात आली. आमचे वडील डोंबिवलीला पोस्टात होते, ते अचानक गेले होते. घरात आई, पाठच्या दोन बहिणी आणि मी. टायपिंग मला येत होतं. आईने शेजाऱ्यांना "मुलगी लष्करात लागली" असं सांगितलं आणि आठवडाभर लोक तिला विचारू नयेत ते प्रश्न विचारत होते.

वाटणीचं काम म्हणजे भांडणाचं काम. चांगल्या वस्तूला तीन मालक आणि वाईट वस्तूला एकही नाही. एक रोडरोलर होता. धावपट्टी विमानांची, म्हणून रोलर हवाई दलाचा, असं भूदल म्हणे. रोलर रस्त्याचा, आणि रस्ते भूदल बांधतं, असं हवाई दल म्हणे. नौदलाचा माणूस कागद न वाचताच मान हलवायचा. दोन वर्षं त्या रोलरची पत्रं मी टाइप केली. तोवर तो पावसात रुतत रुतत अर्धा जमिनीत गेला होता आणि आमचा राखणदार हिरू म्हात्रे त्याला आपल्या शेळ्या बांधायचा.

हिरू शेजारच्याच गावचा. धावपट्टीखाली जी शेतं गेली त्यांतलं एक त्याच्याच घरचं. गवत कापणं आणि पट्टीवर गुरं आली की हाकलणं, हे त्याचं काम. गुरं हटेपर्यंत वैमानिकाने थांबावं म्हणून त्याच्याकडे बांबूला बांधलेलं एक लाल फडकं असे. मी नवी असताना त्याने मला पट्टी दाखवली होती. टाच आपटून म्हणाला, "बाय, या डांबराचे खाली आमचा भात हाय." तक्रार म्हणून नव्हे. माहिती म्हणून.

सामान वाटून संपत आलं तेव्हा डेपो बंद होणार असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात आमच्याकडे तीन हेलिकॉप्टरं आली. हवाई दलाची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती अजिबात आवडली नाहीत. पोट सुटलेली, नाक फुगलेली, आणि उडताना एवढा आवाज की टेबलावरची टाचणी नाचे. पण त्यांच्यामुळे माझी नोकरी टिकली. आमच्या साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मिस कर्णिक, तुमचं अक्षर चांगलं आहे. उद्यापासून कार्डं तुमच्याकडे." साहेब इंग्रजीतच बोलत, त्यांचं बोलणं मी इथे मराठीत सांगते आहे.

कार्डं म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोटारीचा एखादा भाग झिजला की वाजायला लागतो, मग आपण तो बदलतो. हेलिकॉप्टरचा भाग वाजायला लागेपर्यंत थांबून चालत नाही. म्हणून डोक्यावरची पाती, शेपटीचा पंखा, गिअरबॉक्स, अशा प्रत्येक भागाला किती तास उडायचं ते ठरवून दिलेलं असतं. तेवढे तास भरले की भाग कितीही धडधाकट दिसो, काढायचा. आता हे तास लक्षात कुणी ठेवायचे? तर प्रत्येक भागाचं एक कार्ड. तो कुठल्या हेलिकॉप्टरवर बसला, कधी निघाला, आज किती उडाला, एकूण किती झाले. कार्ड भरलं की नवीन कार्ड, आणि त्याच्या पहिल्या ओळीत मागचे तास पुढे आणायचे. कार्ड नसलेला भाग म्हणजे भंगार. तो कालच कारखान्यातून आलेला असला तरी भंगार.

वैमानिक रोज संध्याकाळी आजचे तास सांगायचे आणि मी ते साठ-सत्तर कार्डांवर चढवायची. कंटाळवाणं काम, पण मला त्याचा अभिमान होता. माझ्या कार्डावर खाडाखोड नसे. साहेब बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना माझी कपाटं दाखवत.

हेलिकॉप्टरांची देखभाल सार्जंट भोईट्यांकडे होती. फलटणकडचे, रुंद बांध्याचे, आणि माणसांशी जेवढं बोलत त्यापेक्षा यंत्रांशी जास्त बोलणारे. तिन्ही हेलिकॉप्टरं सारखीच, नावं एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. पण भोईट्यांचा जीव दोन नंबरवर. ती एकदा भाताच्या खाचरात आदळली होती. वैमानिक वाचला, पण मोठ्या साहेबांनी "हिचे सुटे भाग करून टाका" असं लिहून पाठवलं होतं. भोईट्यांनी एक पावसाळा मागून घेतला आणि तिला बोल्ट-बोल्ट करून पुन्हा उभी केली. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना झेंडूची माळ एकेक पडे. दोन नंबरला दोन पडत. कुणी विचारलं तर म्हणत, "उरली होती एक."

तर अशा वेळी दिल्लीहून हुकूम आला. नौदलाला किनाऱ्यावर आणि जहाजांवर हेलिकॉप्टरं हवी होती. आमच्या तीनपैकी एक नंबर आणि तीन नंबर नौदलाला द्यावीत, दोन नंबर हवाई दलाकडे राहावी. हुकुमाच्या दिवशी जो भाग ज्या हेलिकॉप्टरवर असेल तो त्याच्याबरोबरच जावा, हेही त्यात होतं. दिल्लीतल्या कुणाला तरी आमच्या लोकांचे स्वभाव ठाऊक असणार.

हुकूम आला त्याच दुपारी भोईटे माझ्या टेबलाशी आले. टोपी हातात. हे कधी होत नसे.

"बाई, एक नंबरची पाती नवी हाएत. दोन नंबरची जुनी झाल्यात."

"मला माहीत आहे. मीच लिहिते."

"म्या आज अदलाबदल करतो. तुमी फकस्त कार्डावर मागल्या आठवड्याची तारीख घाला. दोन ओळींचं काम हाये."

"मागची तारीख घालायची म्हणजे खोटं लिहायचं, सार्जंट."

"खोटं कुठनं? पाती तर खरीच बसवणार न्हवं मी?"

मला हसू आलं असतं, पण मी तेव्हा पंचविशीच्या आसपासची होते आणि माझ्या कार्डांबद्दल फार शिष्ट होते. म्हणाले, "माझ्या कार्डावर आजवर खोटा आकडा चढलेला नाही आणि चढणारही नाही." भोईट्यांनी टोपी घातली आणि गेले. आठ दिवस त्यांच्या चिठ्ठ्या दुसऱ्यांच्या हातून माझ्याकडे येत होत्या. ते वाक्य मी किती ताठ मानेने बोलले होते ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. का, ते पुढे येईलच.

मग नौदलाकडून ताबा घ्यायला चीफ डिमेलो आले. चीफ हा त्यांचा नौदलातला हुद्दा. काळेसावळे, ठेंगणे, पांढऱ्याशुभ्र गणवेशातले. नाव ऐकून मी इंग्रजीत बोलायची तयारी केली होती. ते म्हणाले, "मराठी बोल ना बाय. मी ठाण्याचा. तलावाचे पाठी आमचा घर हाय." त्यांच्या कितीतरी पिढ्या ठाण्यातल्या. चर्चला जाणारी, खाडीच्या कडेने शेती करणारी माणसं. हेच पहिले बोटीवर गेले.

डिमेलो कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. प्रत्येक भागावर कोरलेला नंबर ते घासलेटाच्या बोळ्याने पुसून स्वतः वाचत, मग माझं कार्ड बघत, मग पुन्हा नंबर बघत. भोईटे मागे हाताची घडी घालून उभे. दोघांची दिवसातून चारदा जुंपायची.

"चीफ, खाऱ्या वाऱ्यात न्हेऊन चार महिन्यांत गंज चढवशीला तुमी हिला."

"गंज आमचे घरचाच हाय, सार्जंट. त्याला कसा ठेवायचा ते आम्हांला बरोबर ठावं."

एवढं झाल्यावर दोघं एकाच किटलीतला चहा पीत, पण एकमेकांकडे पाठ करून.

एक नंबर आधी जायची होती. सकाळी सगळ्या सह्या झाल्या. "या हेलिकॉप्टरच्या प्रत्येक भागाचे तास तपासले असून ते बरोबर आहेत," या वाक्याखाली माझी सही, मग साहेबांची, मग डिमेलोंची. नौदलाचा तरुण वैमानिक येऊन बसला होता. डिमेलो त्याच्याच बरोबर जाणार होते, आणि त्यांचे दोन खलाशी बाकीचं सामान ट्रकने नेणार होते. निघता निघता डिमेलो दारात थांबले.

"बाय, जुनी कार्डं पण दे."

"नियमाप्रमाणे फक्त चालू कार्डं द्यायची असतात, चीफ. जुनी डेपोत राहतात."

"नियम नाय म्हणत मी. नवीन कार्ड माणसानी लिहिलेला, जुना पण माणसानीच लिहिलेला. दोन्ही बाजूबाजूला ठेवली का कळते."

मला ते लागलं. माझ्यावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ होता. तरी म्हटलं, "बांधून ठेवते. ट्रकमधून पाठवते." ते पट्टीकडे गेले. मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जुनी कार्डं काढली आणि थोड्या रागातच, जोड्या लावून सुतळीने बांधायला घेतली. पाती, मोठा गिअरबॉक्स, मग शेपटीच्या पंख्याचा गिअरबॉक्स.

त्याच्या जुन्या कार्डावर शेवटची ओळ, हेलिकॉप्टरं आमच्याकडे येण्याआधी ही कार्डं लिहिणाऱ्या कारकुनाच्या अक्षरात होती. आकडे आम्ही इंग्रजीत लिहीत असू, आणि ते गृहस्थ सातचं डोकं इतकं आखूड काढत की तो एकच्या आकड्यासारखा दिसे. शेवटची ओळ मी एकशे दहा अशी वाचली होती आणि नव्या कार्डाच्या पहिल्या ओळीत एकशे दहा पुढे आणले होते. आज बांधताना सहज नजर त्याच्या वरच्या ओळीवर गेली. तिथे सहाशे अठ्ठ्याण्णव होते.

सहाशे अठ्ठ्याण्णवनंतर एकशे दहा कसे येतील? ते सातशे दहा होते.

त्यानंतर तो गिअरबॉक्स आणखी साठ-बासष्ट तास उडाला होता. त्याची मर्यादा साडेसातशेची. माझ्या सुंदर, खाडाखोड नसलेल्या कार्डावर तो जवळजवळ नवा होता. प्रत्यक्षात त्याचं आयुष्य संपून गेलं होतं. शेपटीचा तो छोटा पंखा हेलिकॉप्टरला सरळ धरून ठेवतो. तो हवेत थांबला तर सगळं हेलिकॉप्टर भिंगरीसारखं स्वतःभोवती फिरायला लागतं आणि मग काहीही करता येत नाही. वरच्या ओळीकडे बघायला मला किती वेळ लागला असता? एक श्वास.

बाहेर इंजिन सुरू झालं होतं.

डेपोत फोन एकच, साहेबांच्या खोलीत, आणि साहेब निरोप द्यायला पट्टीवर. मी दोन्ही कार्डं घेऊन धावत सुटले. चप्पल कुठे निघाली कळलं नाही. गवत कमरेएवढं वाढलेलं होतं. मधून धावताना पातळ अडकत होतं. पट्टीच्या कडेला हिरू आपला बांबू घेऊन उभा होता. त्याने मला आडवा हात केला. इंजिन चालू असताना कुणाला पुढे सोडायचं नाही, असा त्याला हुकूम होता.

"हिरू, झेंडा दाखव! थांबव त्यांना!"

त्याने पट्टीवर इकडून तिकडे नजर फिरवली. "ढोरां कंय हान, बाय?"

"गुरं नाहीत! तरी दाखव! यंत्र खराब आहे!"

हिरूने मला पुन्हा विचारलं नाही. एवढ्या वर्षांत मला धावताना त्याने कधी पाहिलं नव्हतं, तेच त्याला पुरेसं झालं असावं. तो बांबू उंच धरून सरळ हेलिकॉप्टरच्या तोंडासमोर गेला. धुळीचा लोट, फिरणारी पाती, आणि त्यात तो डोक्याचा पटका एका हाताने धरून उभा. साहेब ओरडत होते, कुणाला काही ऐकू येत नव्हतं. चाकं जमिनीवरून हलकी झालेली मला दिसली. मग पुन्हा टेकली. पाती हळू झाली.

डिमेलो खाली उडी मारून माझ्याकडे आले. मी दोन्ही कार्डं पुढे धरली. त्यांनी ती बाजूबाजूला धरली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, मग ते बोट वरच्या ओळीवर नेलं. मग वैमानिकाकडे वळून गळ्यावरून आडवा हात फिरवला. इंजिन बंद. अचानक एवढी शांतता झाली की लांब हिरूच्या शेळ्या ओरडत होत्या त्या ऐकू आल्या.

साहेबांच्या खोलीत साहेब, डिमेलो, भोईटे आणि मी असे चौघं उभे होतो. साहेबांचा चेहरा लाल झाला होता.

"चूक कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. "पुढे आणताना मी वरची ओळ बघितली नाही."

मला वाटलं होतं, आता भोईट्यांना माझं ते वाक्य आठवेल, खोटा आकडा चढलेला नाही वगैरे. आठवलं असणारच. पण ते हिंदीत साहेबांना म्हणाले, "सर, तो गिअरबॉक्स दोनदा माझ्या हातून गेला आहे. एकदा काढताना, एकदा बसवताना. एवढा जुना भाग कार्डावर एवढा कोवळा कसा, हे मला खटकायला पाहिजे होतं. मी कार्डावर भरवसा ठेवला. अर्धी चूक माझी लिहा."

पुढचा प्रश्न जास्त कठीण होता. नवा गिअरबॉक्स विलायतेहून यायला महिने लागले असते. नौदलाचं जहाज तर त्याच आठवड्यात निघायचं होतं आणि एक नंबर त्यावर हवी होती. तीन नंबरही नौदलाचीच. तिचा भाग काढला तर ती लंगडी. मग राहिली कोण? खोलीत सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणीच नाव घेत नव्हतं. साहेबांनी हुकूम द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात भोईटे सॅल्यूट करून बाहेर पडले.

मला वाटलं रागाने गेले. मी मागून गेले तर दोन नंबरच्या शेपटीला शिडी लावलेली होती आणि भोईटे वर चढले होते. पाना फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, हिचं कार्ड काढा. आणि वरली ओळ बघून लिवा."

मी तिथेच शिडीखाली बसून लिहिलं. डोळ्यांतलं पाणी कार्डावर पडू नये म्हणून कार्ड लांब धरून.

काढलेला गिअरबॉक्स दुपारी भोईट्यांनी उघडला. डिमेलो आणि मी बघत होतो. एकेक दात त्यांनी भिंगाखाली धरला. कुठे चीर नाही, ओरखडा नाही, तेलात धातूचा कण नाही. मला एकीकडे हायसं वाटलं आणि दुसरीकडे मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा गोंधळ घातला, दोन नंबरची शेपटी उघडी पाडली, आणि हा गिअरबॉक्स तर ठणठणीत!

"म्हणजे मी उगीचच..."

"उगीच कशाला?" डिमेलो म्हणाले. "चांगला निघाला ती त्याची मेहेरबानी, बाय. थांबवला तो तुझा काम." आणि संध्याकाळी त्याच एक नंबरमधून ते गेले, दोन नंबरचा भाग लावून. जाताना भोईट्यांकडे पाठ केली नाही.

मला लेखी ताकीद मिळाली. नोकरीतली पहिली आणि शेवटची. ती योग्यच होती. त्या दिवसापासून मी आकडा पुढे आणताना वरच्या दोन ओळी मोठ्याने वाचत असे. नवीन मुली मला हसत. हसोत.

दोन नंबर मात्र उभी राहिली. शेपटीला भोईट्यांनी किंतानाची टोपी शिवून घातली होती. दर शनिवारी ते इंजिन थोडा वेळ चालवायचे, पाती हाताने फिरवून ठेवायचे. हिरू येऊन विचारायचा, "हिचा शेपूट कवा येल?" भोईटे म्हणायचे, "वाटेत हाये." हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी रोज संध्याकाळी तिच्या सगळ्या कार्डांवर शून्य तास लिहीत होते. इतकी शून्यं मी आयुष्यात पुन्हा कधी लिहिली नाहीत.

पावसाळा सरता सरता खोकं आलं. भोईट्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशी दोन नंबर उडाली, पट्टीवरून गोल फिरून मलंगगडाकडे गेली आणि परत आली. सगळा डेपो बाहेर येऊन बघत होता. मी कार्डावर पाऊण तास लिहिला आणि त्याखाली नियमात नसलेली एक छोटी रेघ मारली.

आठ दिवस झाले असतील. दुसरा हुकूम आला. हवाई दलाला दुसऱ्या जातीची हेलिकॉप्टरं मिळणार होती, म्हणून या जातीचं जे एक उरलं होतं तेही नौदलाला द्यावं. हुकूम शहाणपणाचाच होता. एका जातीची सगळी यंत्रं एका घरी असली की सुटे भाग, माणसं, कार्डं, सगळं सोपं जातं. मी स्वतः अशा अर्थाचं टिपण साहेबांसाठी टाइप केलं होतं. तो कागद भोईट्यांच्या हातात द्यायची वेळ माझ्यावर आली. त्यांनी वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि "बरं" म्हणाले.

ताबा घ्यायला पुन्हा डिमेलो आले. या वेळी कुणी भांडलं नाही, ते मला जास्त जड गेलं. घासलेटाचा बोळा त्यांनी खिशातून काढलाच नाही. फक्त कार्डं बाजूबाजूला ठेवून वाचली, जुनी आणि नवी, सगळी. सह्या झाल्या. मग भोईटे माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, एक कोरं कार्ड द्या. न्हाई तर तुमीच लिवा, माझं अक्षर चीफला लागायचं न्हाई."

"कुठल्या भागाचं?"

"भागाचं न्हाई. तिचं."

मी कार्ड घेतलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले.

"सकाळी पयल्यांदा चालू व्हत न्हाई. रागवू नका. दुसऱ्यांदा व्हती.

"उजवं दार उन्हानं फुगतं. खालनं गुडघा लावून वर उचलायचं, मंग लागतं. आपटायचं न्हाई.

"खाचरात आदळली तवापासनं उतरताना डावं चाक आधी टेकतं. नवा वैमानिक घाबरतो. त्याला आधी सांगा.

"डाव्या चाकापाशी त्येलाचा थेंब पडतो. रोज एक. दोन पडले तर उघडून बघा." ते थांबले. "एकबी पडला न्हाई, तर आधी उघडून बघा."

मी डिमेलोंना विचारलं, "वाचता येईल ना, चीफ? मराठीत लिहिलंय."

"चौथीपर्यंत मराठी शाळेतच होतो." त्यांनी एकेक शब्दावर बोट ठेवून सगळं मोठ्याने वाचलं. मग पट्टीवर गेले, दोन नंबरच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि जमिनीवर बोट टेकवून वर धरून दाखवलं. एक थेंब. परत येऊन ताब्याच्या यादीत अगदी शेवटी, मी न सांगता, त्यांनी त्या कार्डाची नोंद केली आणि पुढे सही केली.

"आनखी काय राहिला, सार्जंट?"

भोईट्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "एकटा असलो का मी तिला एका नावानं हाक मारतो."

मी पेन उचललं. त्यांनी मान हलवली. "ते लिवू नका, बाई." आणि डिमेलोंच्या दंडाला धरून त्यांना दूर नेलं, पंख्यापाशी. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, आणि नंतर दोघांपैकी कुणी मला कधी सांगितलंही नाही.

डिमेलो वर चढून बसले. दार त्यांनी गुडघ्याने उचलून लावलं. वैमानिकाने इंजिन चालू केलं. घरघरलं आणि बंद पडलं. काचेतून मला दिसलं, डिमेलो पुढे वाकले, पत्र्यावर तळवा ठेवला आणि त्यांचे ओठ हलले.

दुसऱ्यांदा चालू झालं.